भिंतीतला नळ

चावीकाकांना बसता यायचं नाही. गुडघे ठणठणीत होते, कंबरही बरी होती. पण बूड टेकलं की त्यांना वाटायचं, कुठंतरी काहीतरी वाहून चाललंय.

सदतीस वर्षं या माणसानं गावाला पाणी सोडलं. पहाटे खांद्यावर ती उंच लोखंडी चावी टाकायची, गल्लीच्या तोंडाशी रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि चावी आत घालून फेरे मोजत फिरवायची. वरच्या आळीला बावीस फेरे, दवाखान्याच्या गल्लीला अठरा, चढावरच्या घरांना पुरे एकतीस. नोकरी संपली, चावी ऑफिसात जमा झाली, मोजणी मात्र अंगात राहिली. डब्याचं झाकण उघडताना ओठ हलायचे. काकू म्हणायच्या, "चहाच्या डब्याला साडेतीन. ध्यानात ठेवा, उद्या परीक्षा आहे."

दुसरी खोड गजाची. जमिनीखाली नळ फुटला तर वरून कळत नाही. मग जुने चावीवाले गजाचं एक टोक रस्त्याला टेकवतात, दुसरं कानामागच्या हाडाला लावतात आणि ऐकतात. फुटका नळ फुसफुसतो, तुंबलेला गुरगुरतो, धड असलेला नुसता श्वास घेतो. चावी दिली, पण गज काकांनी ठेवून घेतला. तो दाराआड छत्रीशेजारी उभा असायचा. रिटायर झाल्यावरही काका भर रस्त्यात वाकून, डोकं कलतं करून ऐकत उभे दिसायचे. मागून रिक्षावाला भोंगा वाजवून वाजवून दमायचा.

"जमिनीखालचं ऐकू येतं यांना," काकू सांगायच्या. "मी चार हातांवरून बोलते ते येत नाही. मलाच एक गज टोचावा लागणार."

काकू शाळेत शिपाई होत्या. घंटा त्यांच्या हातची. त्यांच्या टोल्यावर सहाशे पोरं आत जायची नि बाहेर पडायची, हेडमास्तर धरून. अशा बाईच्या घरात तिचं काय चालावं? तर काही नाही. घर होतं अरुंद. पुढं एक खोली, मध्ये भिंत, मागं स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत समोरासमोर बसलेल्यांपैकी एकानं पाय लांब केले की दुसऱ्यानं आखडून घ्यायचे. पाहुणे आले की हसणं-खिदळणं भिंतीच्या पुढं आणि काकू भिंतीच्या मागं, चुलीपाशी. मोठा हशा झाला की त्या आतून ओरडायच्या, "काय झालं गं?" बाहेरून उत्तर यायचं, "काही नाही!" उभ्या जन्मात काकूंच्या वाट्याला हे 'काही नाही' आलं.

शाळेतून रिटायर झालेल्या, काकू धरून आठ जणी महिन्यातून एका रविवारी एकमेकींकडं जमायच्या. काकू सगळ्यांकडं जाऊन आल्या. स्वतःची पाळी आली की कधी दात दुखायचा, कधी रंग चालू असायचा. शेवटी त्यांच्यातली पीटीची बाई तोंडावर म्हणाली, "अगं, तुझ्या घराला रंग लागतोय की देवळाचा कळस चढतोय?"

त्या दिवशी घरी येऊन काकूंनी चपलाही काढल्या नाहीत. भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही पाडायची."

काका खुर्चीतून उठले. तसे ते उठलेलेच असायचे, पण आता पुरते उठले.

"कुठली?"

"हीच. घरात दुसरी कुठली आहे पाडण्यासारखी? सगळी एकच खोली करायची. ओटा इकडं तोंड करून. मी भाजी ढवळीन आणि बोलेन. मला लोकांची तोंडं बघायचीत हसताना."

"भिंत वजन धरते," काका म्हणाले.

"कशाचं?"

"छताचं. काढली तर बसेल सगळं डोक्यावर."

इथं वाचणाऱ्याला एक सांगून टाकतो, कारण काका ते कुणाला सांगणार नव्हते. भिंत कसलंही वजन धरत नव्हती. तिच्या पोटात एक नळ होता, आणि तो नळ शेजारच्या घरात जात होता.

शेजारचं घर काकांच्या धाकट्या भावाचं. पूर्वी दोन्ही मिळून एकच घर होतं. एकोणीस वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि घर काकडीसारखं उभं चिरलं. आरशाचं कपाटसुद्धा मधोमध कापायला निघाले होते, पण सुतारच पाया पडला. वाटणीपर्यंत ठीक होतं. पण सामान हलवताना धाकट्याची बायको, म्हणजे काकूंची जाऊ, चार माणसांत बोलून गेली, "शाळेत घंटा बडवायची आणि घरातही घंटाच. आता बडवा म्हणावं एकटीनं."

काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "ऐकून घ्या सगळे," त्या म्हणाल्या. "आजपासून माझ्या घरातून त्या घरात पाण्याचा थेंब जाणार नाही."

माणसं रागात असं बोलतातच. फक्त इथं ते जसंच्या तसं खरं होणार होतं, कारण नळ एकच होता, काकांच्या नावाचा, आणि वाटणीत तो काकूंच्या बाजूला आला होता. धाकट्यानं नव्या नळाचा अर्ज केला. काकांनी तो ऑफिसात नेऊन दिला. साहेब म्हणाले, बघू. साहेबांचं 'बघू' म्हणजे काय, हे काकांइतकं कुणाला ठाऊक? धाकट्याचं लेकरू तेव्हा तीन महिन्यांचं होतं.

चौथ्या दिवशी काकू शाळेत गेल्यावर काकांनी भिंत खोदली. आतला नळ कापला, तीन तोंडाचा जोड बसवला, एक तोंड शेजारी काढलं, सिमेंट लिंपलं, त्यावर चुना मारला आणि दिनदर्शिका टांगली. घंटा होऊन काकू घरी येईतो सगळं आवरलेलं. धाकट्याला जाऊन सांगितलं, "तुझं मंजूर झालं. बिलाचं मी ऑफिसात बघतो." धाकट्याला वाटलं, भाऊ खात्यात आहे, वशिला लागला असेल.

पण घाईत एक चूक झाली. तीन तोंडाच्या जोडाला एक वाट सरळ असते आणि एक आडवी फुटलेली. पाणी आधी सरळ पळतं, उरलंसुरलं आडवं जातं. सरळ वाट आपल्याकडं ठेवायची आणि आडवी भावाला द्यायची, हे शिकाऊ माणूसही चुकत नाही. गावभर पाणी सारखं वाटणाऱ्या काकांनी नेमकं उलटं बसवलं. सिमेंट वाळल्यावर ते ध्यानात आलं. आता परत खोदायचं तर काकूंना काय सांगायचं?

तेव्हापासून शेजारी धो-धो आणि काकूंकडं करंगळीएवढी धार. बादली लावायची, भाजी निवडायची, पीठ मळायचं, तरी बादली गळ्याशी आलेली नसायची.

"सगळ्या गावाला पाणी सोडणारा माणूस घरात, आणि माझ्या नळाला धार नाही!"

"खालची लाईन जुनी आहे," काका म्हणायचे. कधी गाळ म्हणायचे. एकदा तर हवा अडकली म्हणाले. अशी एकोणीस वर्षं हवा अडकली होती.

मिस्त्री आला. त्यानं भिंतीवर बोटाची गाठ वाजवली, वर बघितलं, पुन्हा वाजवली.

"काका, हिच्यावर कसलं वजन? ही तर आडोशाची भिंत. जोरात शिंकलं तर पडेल."

काकूंनी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, "मग खिडकी पाडू. मोठी खिडकी. तुला तोंडं दिसतील."

"तिकिटं विकू का खिडकीत बसून?" काकू म्हणाल्या. "मिस्त्री, सोमवारी या. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्याकडं सात जणी यायच्यात."

त्या आठवड्यात काकांनी जोडे झिजवले. घरात शिरायचे, भिंतीला कान लावायचे, बाहेर पडायचे, ऑफिसाच्या दारापर्यंत जायचे, माघारी यायचे. त्यांचा हिशोब साधा होता. धाकट्याला खरा नळ मिळाला तर भिंतीतला गुपचूप बंद करता येईल. भिंत पडेल, आत एक मेलेला नळ निघेल, जुन्या घरात काय काय निघतं! ऑफिसात नवा साहेब होता. तो चांगला बोलला. फक्त म्हणाला, "अर्जावर घरमालकाची सही लागेल." म्हणजे धाकट्याची.

शनिवारी काका भावाच्या दारात उभे राहिले. दोन दारांत अंतर सात पावलं, पण एवढ्या वर्षांत काका ती चाललेच नव्हते. रस्त्यात भेटले तर भाऊ बोलायचे. घराच्या टापूत आले की दोघं मुके.

धाकटा बनियनवर होता. "दादा? कोण गेलं का?"

"कोण जाईल? सहज आलो."

"सहज!" धाकटी, त्याची बायको, आतून बाहेर आली. तिनं तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलं. काका ते प्यायले. स्वतःच्याच नळाचं पाणी दुसऱ्याच्या तांब्यातून पिताना माणसाला ठसका लागणारच.

"सावकाश," धाकटी म्हणाली. "पाणी भरपूर आहे आमच्याकडं. तुमच्याकडं धार नाही म्हणे? भिंतीतून ऐकू येतं की ताईंचं. माणसाची नियत चांगली असली की पाणीसुद्धा येतं, भाऊजी."

खिशातला अर्ज खिशात घामेजला. काका उठले, "येतो" म्हणाले आणि सरळ बाजारात गेले. तिथं काही काम नव्हतं. एका दुकानात बुचांचे भाव विचारले, दुसऱ्यात जोडांचे. आपणच रविवारी काम उरकू, असं ठरवलं. काकू रविवारी बहिणीकडं जाणार होत्या. दोन तास मिळाले तरी नळ खालून वळवून फरशीखाली घालता आला असता.

रविवारी काकू तयार झाल्या, पिशवी घेतली, दाराशी गेल्या. आणि समोर मिस्त्री उभा, घण घेऊन.

"उद्या दुसरीकडं अडकलोय काकू. म्हटलं, आजच पाडून टाकू."

काकूंनी पिशवी खुंटीला लावली. "पाडा."

पहिला घाव वर पडला. चुन्याचे पापुद्रे सुटले. मग विटा. काका मिस्त्रीच्या मागं-पुढं करत होते, "इकडून नको, तिकडून घे, जरा दमानं." मिस्त्री वैतागला. "काका, तुमचा जीव अडकलाय का हिच्यात? बाजूला व्हा, नाहीतर तुमच्या पायावर पडेल." दुपारपर्यंत भिंत कमरेएवढी राहिली. पुढच्या खोलीचा उजेड पहिल्यांदाच स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पडला. काकू त्या उजेडात उभ्या राहून म्हणाल्या, "बघा! केवढं होतं घर."

मग घण ठाण् करून वाजला. लोखंडावर.

मिस्त्रीनं विटा हातानं काढल्या. नळ, जोड, आणि जोडातून सरळ शेजारच्या भिंतीत शिरलेली वाट. मिस्त्रीनं बोटानं ती वाट धरून दाखवली.

"काकू, हा नळ शेजारी चाललाय."

काकू वाकल्या. जोडाची धूळ त्यांनी पदरानं पुसली. मग जोडावर बोट ठेवून मिस्त्रीला विचारलं, "यातली सरळ कुठली?"

"शेजारची. तुमची ही आडवी. म्हणूनच तुम्हाला धार नसणार. कुणी बसवलं हे? त्याच्या हाताला..." मिस्त्रीनं काकांचं तोंड बघितलं आणि उरलेलं वाक्य गिळलं.

"किती वर्षं?" काकूंनी विचारलं.

काकांचे ओठ हलले. मोजायची सवय. "एकोणीस."

"मी शाळेत असताना केलंत?"

"हो."

"दिनदर्शिका म्हणून मध्येच आली होती तिथं. मी म्हटलं, यांना तारखांची एवढी काय पडलीय." काकू सरळ उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, त्याचीच जास्त भीती होती. "थेंब जाणार नाही म्हणाले होते मी. चार माणसांत. आणि माझ्याच घरातून नदी सोडलीत. बरं, सोडलीत तर सोडलीत, मला का सुकवलंत? एकोणीस वर्षं मी त्या धारेपुढं बसले. गाळ म्हणालात. हवा म्हणालात. मी त्या हवेला शिव्या दिल्या हो, अहो!"

"पोर लहान होतं त्यांचं," काका म्हणाले.

"मला सांगायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," काकू म्हणाल्या. "चार दिवस म्हणाले असते. पाचव्या दिवशी मीच घागर नेऊन ठेवली असती दारात. ती संधी तुम्ही खाल्लीत. मिस्त्री, मीटरजवळून पाणी बंद करा."

पाणी बंद झालं. जरा वेळानं पलीकडं भांडी आपटली. मग धाकटा बादली घेऊन आला. पाणी गेलं की अख्खी गल्ली अजून काकांकडंच यायची, तसाच तोही आला, आणि पडलेल्या विटांच्या ढिगाशी थबकला.

"दादा, पाणी कसं गेलं मध्येच? लाईन फुटली का?"

"विचारा," काकू म्हणाल्या. "लाईनवाले उभेच आहेत."

आता बाहेर जायला वाट नव्हती. मागं विटा, पुढं भाऊ, बाजूला बायको. काकांनी नळाकडं बोट केलं आणि सांगून टाकलं. अर्ज, 'बघू', जोड, सगळं. तीनच वाक्यं झाली. एवढीशी गोष्ट इतकी वर्षं कशी काय पुरली, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

धाकट्याचं तोंड पडलं. तो नळाकडं बघत राहिला, मग बादलीकडं. "म्हणजे आम्ही वहिनींच्या..." तो म्हणाला. "मी उद्यापासून टँकर मागवतो."

"आता लाज आली होय?" काकू म्हणाल्या. "एकोणीस वर्षं माझ्या पाण्यानं आंघोळ करून वर माझ्याच नियतीच्या गोष्टी. भिंतीतून तुम्हालाच ऐकू येतं असं नाही, मलाही येतं. टँकर कशाला? गल्लीत तमाशा नको. मिस्त्री, हा नळ काढा इथून. फरशीच्या कडेनं घ्या. सरळ वाट माझी, आडवी त्यांची. आणि त्यांच्या वाटेला चाकाचा कॉक बसवा."

"कुठं बसवू?"

"ओट्यावर. माझ्या उजव्या हाताशी. भिंतीत नको, वर. आल्या-गेल्याला दिसला पाहिजे."

काका पुटपुटले, "मी बसवतो."

"तुम्ही हातसुद्धा लावायचा नाही," काकू म्हणाल्या.

आठवडाभर घर धुळीत होतं. ओटा झाला, फरशी जुळली, दोन खोल्यांचे दोन रंग एकमेकांना भेटून मध्येच थांबले, ते एका हातात रंगवून टाकले. घर मोठं झालं तसे काका अधिकच भिरभिरायला लागले. त्यांची खुर्ची त्या भिंतीला पाठ लावून असायची. आता पाठीला भिंतच नव्हती. कुठंही बसलं तरी काकूंना दिसायचे. काकू ओट्यापाशी उभ्या राहून अधूनमधून कॉकच्या चाकाला हात लावायच्या, थोडं इकडं, थोडं तिकडं, आणि काका दारातून फेरे मोजायचे. पाऊण. एक. पुन्हा अर्धा. त्याला काही नियम नव्हता. पलीकडून एका शब्दानं तक्रार आली नाही.

रविवारी सात जणी आल्या. पीटीच्या बाईनं आधी सगळीकडं चालून बघितलं. "इथं कवायत घेता येईल की गं!" काकू ओट्यामागं उभ्या, हातात झारा, समोर सात तोंडं. कुणी हेडमास्तरांची नक्कल केली, हशा झाला, आणि काकूही हसल्या, त्याच वेळी, त्याच गोष्टीला. मग जेवणं झाली. भांड्यांचा ढीग पडला. काकूंनी नळ सोडला, जरा विचार केला, आणि चाक फिरवलं. पूर्ण बंद. ओट्यावरची धार जाड झाली, भांड्यांवर फाडफाड आदळायला लागली. काका दारात उभे होते, ते खाली पायरीवर गेले, वर आले, पुन्हा खाली गेले.

पायरीवर धाकटी उभी होती. हात पिठाचे. काकांना ओलांडून ती आत आली आणि सात अनोळखी बायकांसमोर थांबली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"ताई," ती म्हणाली. "पाणी."

सातही चेहरे ओट्याकडं वळले. कुणाला काही माहीत नव्हतं, पण बायकांना अशा वेळी माहीत असावं लागत नाही.

काकूंनी पातेलं विसळून पालथं घातलं. "भांडी होऊ देत. मग सोडते."

"हात पिठाचे आहेत माझे."

"मग उभी काय राहिलीस? पाणी इथंच आहे. धू हात, आणि धुतेच आहेस तर त्या कपबश्याही घे."

धाकटी ओट्याशी गेली. हात धुतले. कॉककडं एकदा बघितलं. मग कपबश्या पुढं ओढल्या. दोन-चार विसळल्या आणि मान वर न करता म्हणाली, "घंटा झाली की सांगा. जाईन."

काका पायरीवर ताठ झाले. आता गेलं सगळं, असं त्यांना वाटलं.

"घंटा माझ्या हातात आहे," काकू म्हणाल्या. "मी देईन तेव्हा होईल. बशीच्या खालच्या बाजूनं पण घास जरा."

पीटीच्या बाईला हसू आवरलं नाही. मग दुसरीला. धाकटीनं बशी उलटी करून घासली. हसली नाही. पण बशी चांगली घासली.

ती गेल्यावर काकूंनी चाक उघडलं. तोवर काका अंगणात होते, नळ जिथून पलीकडं जातो त्या कडेला, गज टेकवून, कान लावून. दीड फेरा. बऱ्यापैकी. कालच्यापेक्षा अर्धा जास्त. पूर्ण उघडायला चार लागतात.

तेव्हापासून काका रोज सकाळी तिथं गज लावतात. सगळ्या गावाच्या चाव्या त्यांना तोंडपाठ आहेत, बावीस, अठरा, एकतीस. हा एकच कॉक असा आहे की आज किती उघडेल, हे त्यांना अजून सांगता येत नाही. परवा पाऊण होता. काल अडीच. आतून काकू ओरडतात, "काय ऐकताय हो?"

"काही नाही!" काका बाहेरून म्हणतात, आणि गज जरा पुढं सरकवून पुन्हा कान लावतात.